पदके, राज्यकर्त्यांच्या पत्नींची

राज्यकर्त्याच्या अथवा राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीची प्रतिमा किंवा नाव धारण करणारी व तिच्या सन्मानार्थ किंवा स्मरणार्थ पाडलेली धातूची पदके. नाणे व पदक यांची घडण पुष्कळशी सारखी असली, तरी त्यांचे प्रयोजन भिन्न असते. नाण्याला कायद्याने ठरविलेले मूल्य असते व ते व्यवहारात फिरते. पदकाला असे मूल्य नसते, ते दिले जाते, मिरविले जाते किंवा जपून ठेवले जाते. प्राचीन काळी हा भेद आजच्याइतका स्पष्ट नव्हता. सोन्याचे एखादे नाणे प्रत्यक्षात दानाचे किंवा स्मरणाचे पदकच असे, आणि एखादे पदक मोडीच्या भावाने बाजारात येई. त्यामुळे या विषयाचा विचार करताना नाण्यांचा मागोवा अपरिहार्य ठरतो. संग्रहासाठी पाडलेल्या ब्राँझच्या पदकांची या प्रकारातील सर्वांत मोठी माला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००७ पासून निघाली. तथापि तिच्या मुळाशी असलेली कल्पना सुमारे दोन हजार वर्षांची जुनी आहे व तिचे काही धागे महाराष्ट्राच्या भूमीतही सापडतात.

प्राचीन काळ : राज्यकर्त्याच्या पत्नीचे मुख धातूवर उमटविण्याची प्रथा ग्रीक राजवंशांत सुरू झाली आणि रोमन साम्राज्यात ती रूढ झाली. वायव्य भारतातील इंडो-ग्रीक राजा हर्मिअस याच्या काही नाण्यांवर त्याच्या मुखामागे राणी कॅलिओपी हिचे मुख दिसते. रोममध्ये ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्यापासून या प्रथेला राजकीय अर्थ आला. तिचा मुलगा टायबीरिअस (कार. १४–३७) याच्या चांदीच्या नाण्यांवर मागील बाजूस हाती राजदंड व फांदी घेतलेली आसनस्थ स्त्री आहे. तिचे नाव कोरलेले नाही. काही अभ्यासक तिला शांतिदेवता मानतात, परंतु ती लिव्हियाच असावी असे मानण्याकडे पुष्कळांचा कल आहे. रोमन सम्राज्ञींपैकी थोरली फाउस्टिना हिच्या वाट्याला सर्वांत मोठा मान आला. ती वारल्यानंतर (इ.स. १४० च्या सुमारास) सम्राट अँटोनायनस पायस याने तिला देवत्व दिले, रोमच्या मध्यवर्ती चौकात तिचे मंदिर उभारले व सोने, चांदी आणि ब्राँझ या तिन्ही धातूंत तिच्या नावाची नाणी अनेक वर्षे पाडविली. मृत पत्नीच्या स्मरणार्थ राज्यसंस्थेने काढलेली ती एक दीर्घ मालाच होय.

भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस व टायबीरिअस यांच्या नाण्यांचा भरणा मोठा आहे. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात तगर म्हणून उल्लेखिलेले व्यापारी नगर म्हणजे धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर. तेथील उत्खननांत व आसपासच्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकालीन अवशेषांबरोबर रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृतीही मिळाल्या आहेत. तेलंगणातील कोंडापूरसारख्या सातवाहनकालीन स्थळांवरही अशा प्रतिकृती आढळतात. त्यांतील काहींना दोरा ओवण्यासाठी भोक किंवा कडी असल्यामुळे त्या गळ्यात घालण्याच्या होत्या हे उघड आहे. अस्सल नाणे परवडत नसलेल्या माणसाने मातीच्या मुद्रेवर समाधान मानावे आणि ती पदकासारखी छातीवर मिरवावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. सोन्याचे नाणे श्रीमंतांसाठी व तेच चित्र स्वस्त धातूत इतरांसाठी, ही पुढे अमेरिकेने अवलंबिलेली विभागणी तेरच्या कुंभाराला अपरिचित नव्हती. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात या नगराच्या रोमन संबंधांचे पुरावे पाहावयास मिळतात.

सातवाहनांच्या नाण्यांवर स्त्रीचे नाव प्रामुख्याने येते ते मातेचे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही मातृनामे राजाच्या नावाआधी येतात. पत्नीच्या नावाचे उदाहरण विरळा आहे. नाणेघाटातील प्रसिद्ध लेखामुळे ज्ञात असलेली राणी नागनिका हिचे नाव पती सातकर्णीच्या नावासह असलेले चांदीचे नाणे जुन्नर परिसरातून उपलब्ध झाले आहे. नाणेघाटातील लेखात यज्ञ व त्यांत दिलेल्या दक्षिणांची मोठी यादी आहे. राजाबरोबर यज्ञदीक्षा घेणाऱ्या राणीचे नाव नाण्यावर यावे, हे त्या लेखाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

गुप्तांची राजा-राणी नाणी : राज्यकर्त्याच्या पत्नीचे नाव व आकृती धारण करणाऱ्या भारतीय नाण्यांत पहिला चंद्रगुप्त व कुमारदेवी यांचे सुवर्णनाणे सर्वांत महत्त्वाचे असून, ते नाणे की स्मारकपदक, हा वाद नाणकशास्त्रात दीर्घकाळ गाजला. दर्शनी बाजूस राजा व राणी समोरासमोर उभी असून राजा राणीला अंगठीसारखी एखादी वस्तू देत आहे. दोघांचीही नावे ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. मागील बाजूस सिंहावर बसलेली देवी व ‘लिच्छवयः’ हा लेख आहे. कुमारदेवी लिच्छवी कुळातील होती, आणि समुद्रगुप्ताच्या प्रशस्तीत त्याला अभिमानाने लिच्छवींचा दौहित्र म्हटले आहे.

ब्रिटिश म्यूझियममधील गुप्त नाण्यांच्या सूचीत (१९१४) जॉन ॲलन याने असे मत मांडले, की ही नाणी चंद्रगुप्ताने पाडलेली नसून त्याच्या मुलाने, समुद्रगुप्ताने आई-वडिलांच्या स्मरणार्थ पाडलेली पदके होत. त्याचा युक्तिवाद असा : गुप्तांची नाणी कुशाणांच्या नाण्यांवरून विकसित झाली, समुद्रगुप्ताचा ध्वजधारी प्रकार कुशाण नमुन्याच्या अगदी निकट आहे, तर राजा-राणीचा प्रकार त्यापासून दूर व अधिक स्वतंत्र आहे, जे नमुन्यापासून दूर ते नंतरचे, म्हणून राजा-राणीचा प्रकार समुद्रगुप्ताच्या काळातच आला असला पाहिजे.

या मताचा सविस्तर प्रतिवाद कोल्हापूर जिल्ह्यातील म्हाकवे गावी जन्मलेले इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांनी केला. राजस्थानातील बयाना येथे १९४६ मध्ये सापडलेल्या प्रचंड सुवर्णनिधीचे वर्गीकरण आळतेकरांनी केले व त्याची सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे गुप्त साम्राज्याच्या नाण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये निघाला. त्यांचा मुख्य आक्षेप साधा पण मर्मभेदी आहे. स्मारकनाणे पाडणारा राजा त्यावर आपले नाव घातल्यावाचून राहत नाही. इंडो-ग्रीक राजा अगॅथोक्लीझ याने पूर्वीच्या राजांची स्मारकनाणी पाडली, त्यांवर पूर्वजाच्या नावाबरोबर स्वतःचेही नाव आहे. चंद्रगुप्त-कुमारदेवी नाण्यांवर समुद्रगुप्ताचे नाव कोठेही नाही. शिवाय समुद्रगुप्ताला आई-वडिलांचे स्मारकच करावयाचे होते, तर मागील बाजूस आजोळच्या कुळाचे नाव अनेकवचनात कशासाठी? ते नाव दिसते याचा अर्थ नाणे पाडण्यात लिच्छवींचा काही वाटा होता, आणि ही गोष्ट चंद्रगुप्ताच्या हयातीतच संभवते. म्हणजे कुमारदेवी येथे केवळ राजाची पत्नी म्हणून नव्हे, तर एका समान दर्जाच्या राज्याची वारस म्हणून उभी आहे. ॲलनच्या मताला नंतरही काही पुरस्कर्ते लाभले; परंतु कलेच्या उत्क्रांतीचा सरळ रेषेतील हिशेब एवढाच त्याचा आधार असल्याने ते आळतेकरांच्या मतापुढे लंगडे वाटते.

वरील वाद बाजूला ठेवला तरी समुद्रगुप्ताचा अश्वमेध प्रकार स्मारकपदकाच्या व्याख्येत निःसंशय बसतो. त्याच्या दर्शनी बाजूस यूपापुढे उभा असलेला घोडा, तर मागील बाजूस चवरी घेतलेली पट्टराणी आहे. अश्वमेधात पट्टराणीला विधिनियत स्थान असल्यामुळे तिची आकृती आली. तिचे नाव मात्र आले नाही. ती दत्तदेवी असल्याचे अन्य लेखांवरून अनुमानावे लागते.

मोगल व मराठा काळ : मोगलांच्या नाण्यांवर जहांगीरची पत्नी नूरजहान हिचे नाव १६२४ ते १६२७ या काळात येते. आग्रा, लाहोर, सुरत इ. टांकसाळींतून ही नाणी निघाली. बादशाहाच्या आज्ञेने व बेगमेच्या नावाने सोन्याची शोभा वाढली, अशा आशयाचा फार्सी मजकूर त्यांवर आहे. जहांगीरची राशिचक्र असलेली सुंदर नाणी नूरजहानने एका दिवसाची सत्ता मागून घेऊन पाडविली, ही फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने नमूद केलेली कथा मात्र निराधार आहे. ती नाणी निरनिराळ्या वर्षांची आहेत आणि एका दिवसात पाडली जाणे शक्यच नव्हते. कथा रम्य असल्याने ती अजूनही सांगितली जाते, एवढेच.

मराठेशाहीत व्यक्तीची प्रतिमा नाण्यावर घेण्याची प्रथा नव्हती. अहिल्याबाई होळकर (कार. १७६७–९५) ह्या खंडेराव होळकर यांच्या पत्नी, परंतु त्यांचे कर्तृत्व स्वतंत्र राज्यकर्तीचे. महेश्वरच्या टांकसाळीत त्यांच्या काळात पडलेल्या रुपयांवर रीतीप्रमाणे दिल्लीपती शाह आलम याचे नाव असून त्यासोबत बेलाचे पान व शिवलिंग ही चिन्हे आहेत. अठ्ठावीस वर्षे राज्य चालविणाऱ्या या स्त्रीने आपले नाव रुपयावर घातले नाही. आपल्या दैवताची खूण तेवढी घातली. त्यांच्या जन्मास ३०० वर्षे झाली त्या वेळी ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे भारत सरकारचे तीनशे रुपये दर्शनी मूल्याचे स्मारकनाणे प्रकाशित झाले व त्यावर त्यांची प्रतिमा आली. तत्पूर्वी, १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या पत्नी विजयाराजे शिंदे यांच्या जन्मशताब्दीनिमित्त शंभर रुपयांचे स्मारकनाणे निघाले होते. संस्थानिकाची पत्नी या नात्यापेक्षा संसद सदस्य व राजकीय नेत्या म्हणून त्यांचे स्मरण केले गेले.

पुतळी आणि राणीछाप : महाराष्ट्रातील लोकव्यवहारात प्रतिमा असलेल्या परकीय नाण्याला पदकाचे रूप सहज आले. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यावर एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला ‘डोजे’ म्हणजे तेथील निर्वाचित राज्यप्रमुख व दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या प्रभावळीतील येशू ख्रिस्त असे. समुद्रमार्गे आलेल्या या नाण्यावरील उभट आकृतींमुळे त्याला पुतळी हे नाव पडले आणि पुतळ्यांची माळ हा अलंकार रूढ झाला. तुळजापूरच्या भवानीच्या अलंकारांतही नाण्यांच्या माळा असून त्यांतील एक छत्रपती शिवाजी महाराजांनी अर्पण केल्याची परंपरा आहे. आकृती कोणाच्या याची चौकशी अलंकार घालणाऱ्याने कधी केली नाही. ज्या प्रजासत्ताकातून पुतळी आली, तेथेच निर्वाचित राज्यप्रमुखाच्या पत्नीच्या पदकाचे एक ठळक उदाहरण मिळते. डोजे मारीनो ग्रिमानी याची पत्नी मोरोझीना मोरोझीनी हिचा १५९७ मध्ये मोठ्या समारंभाने राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगी तिचे मुख व मागील बाजूस ती आपली भेट असल्याचा लॅटिन लेख असलेली पदके पाडून वाटण्यात आली. वंशपरंपरागत राणी नसलेल्या, केवळ निवडून आलेल्या माणसाची पत्नी असलेल्या स्त्रीचा असा मान अमेरिकन मालेच्या आधी चारशे वर्षे झाला होता.

त्याही आधी इटलीतच ओतीव ब्राँझ पदकांची कला उदयास आली होती. पिसानेल्लो याच्या पदकांनी (१४३८–३९ पासून) तिचा पाया घातला. मातेओ दे पास्ती याने रीमिनीचा अधिपती सिजिस्मोंदो मालातेस्ता याची प्रिया व पुढे पत्नी झालेल्या इझोत्ता हिची १४४६ हे वर्ष असलेली पदके तयार केली. त्यांच्या मागील बाजूस मालातेस्ता घराण्याचे चिन्ह असलेला हत्ती आहे.

राणीछाप हा शब्द मराठीत आला तो व्हिक्टोरिया राणीच्या रुपयामुळे. ती राज्यकर्त्याची पत्नी नसून स्वतः राज्यकर्ती असल्याने तिचा येथे प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि स्त्रीमुख असलेल्या धातूच्या चकतीविषयीची लोकांची ओढ त्या शब्दात साठलेली आहे. तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे नाणे ‘हाली सिक्का’. त्यावर विसाव्या शतकात चारमिनार आला, पण राज्यकर्त्याचे मुख कधीच आले नाही. लगतचा सोलापूर जिल्हा ब्रिटिश अंमलात असल्यामुळे तेथील ‘कलदार’ रुपया या बाजूला ओळखीचा होता. देवाण-घेवाणीत हाली चाले, आणि गळ्यातल्या माळेत राणीछाप जाई.

ब्रिटिश राजवटीतील पदके : सम्राटाच्या पत्नीची प्रतिमा असलेले पदक भारतात मोठ्या प्रमाणावर प्रथम आले ते १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने. १८७७ च्या दरबाराच्या पदकावर व्हिक्टोरिया व १९०३ च्या पदकावर एकटा सातवा एडवर्ड आहे. पाचवा जॉर्ज व राणी मेरी हे २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. १२ डिसेंबरला दिल्लीत दरबार भरला. ब्रिटनचा राज्यकर्ता सम्राट आपल्या पत्नीसह स्वतः दरबारास उपस्थित राहण्याची ती एकमेव वेळ. म्हणून पदकावरही गुलाबांच्या वलयात दोघांची मुखे एकत्र घेण्यात आली. मागील बाजूचा लेख फार्सीत असून त्यात नाव आहे ते केवळ सम्राट जॉर्जचे. मेरीचे मुख आहे. तिचे नाव नाही. सर्वसामान्य मानकऱ्यांना चांदीचे व प्रमुख संस्थानिकांना सोन्याचे पदक मिळाले. पुढे १९३५ च्या रौप्यमहोत्सवी पदकावर पुन्हा जॉर्ज व मेरी आणि १९३७ च्या राज्यारोहण पदकावर सहावा जॉर्ज व राणी एलिझाबेथ यांची मुखे आली. मुंबईतील ‘गेटवे ऑफ इंडिया’ (१९२४) या वास्तूवरील लेखात मात्र राजा व राणी या दोघांच्याही आगमनाचा स्पष्ट उल्लेख आहे.

अमेरिकन माला : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षांची पदके जुनी आहेत. त्यांच्या पत्नींपैकी मार्था वॉशिंग्टन हिचे चित्र एका डॉलरच्या रौप्यप्रमाणपत्रावर १८८६ मध्ये आले, तर डॉली मॅडिसन हिच्या स्मरणार्थ १९९९ मध्ये चांदीचा डॉलर निघाला. संपूर्ण मालेची तरतूद २२ डिसेंबर २००५ रोजी संमत झालेल्या राष्ट्राध्यक्ष एक डॉलर नाणे अधिनियमाने केली. त्यानुसार राष्ट्राध्यक्षांची डॉलर नाणी कार्यकालाच्या क्रमाने दरसाल चार याप्रमाणे निघाली. त्यांच्या बरोबरीने पत्नींची दहा डॉलर दर्शनी मूल्याची, अर्धा ट्रॉय औंस (सु. १५·५५ ग्रॅ.) शुद्ध सोन्याची नाणी काढण्याचे ठरले. सोन्याचे नाणे सामान्य संग्राहकाला परवडणारे नव्हते, म्हणून त्याच चित्रांची ब्राँझची पदके काढावीत असेही अधिनियमात सांगितले होते. पदकाचा व्यास सु. ३·३ सेंमी. असून त्यावर दर्शनी मूल्य किंवा सोन्याची शुद्धता हा मजकूर नसतो. बाकी चित्रे तीच. या पदकांना ब्राँझ म्हणण्याची रीत असली, तरी अमेरिकन टांकसाळ त्यासाठी ९० टक्के तांबे व १० टक्के जस्त यांची मिश्रधातू वापरते. कथिलाचा अंश नसल्यामुळे काटेकोरपणे ते पितळ होय.

अधिनियमात पत्नी या अर्थाचा शब्द न योजता पती वा पत्नी या दोहोंस लागू पडणारा शब्द योजला आहे. पुढेमागे एखादी स्त्री राष्ट्राध्यक्ष होईल याची ती तजवीज होती. योगायोग असा, की मालेचा आरंभ झाला त्याच वर्षी, २००७ मध्ये, प्रतिभा पाटील भारताच्या राष्ट्रपती झाल्या आणि अमरावतीचे देवीसिंह शेखावत हे राष्ट्रपतींचे पती म्हणून राष्ट्रपती भवनात राहावयास गेले.

सोन्याची पहिली दोन नाणी, मार्था वॉशिंग्टन व ॲबिगेल ॲडम्स यांची, १९ जून २००७ रोजी विक्रीस आली. प्रत्येकी ४०,००० ची मर्यादा होती; काही तासांतच ती संपली. हा उत्साह टिकला नाही. सोन्याचा भाव चढत गेला तशी मागणी घटली व नंतरच्या नाण्यांची संख्या काही हजारांवर आली. ब्राँझ पदके काही डॉलरांत मिळत असल्याने ती शाळांत, ग्रंथालयांत व नवशिक्या संग्राहकांकडे अधिक पोहोचली.

पदकाच्या दर्शनी बाजूस व्यक्तीचे मुख व मागील बाजूस तिच्या जीवनातील एखादा प्रसंग, अशी योजना आहे. मालेचे खरे मोल या मागील बाजूंत आहे. मार्था वॉशिंग्टन सैनिकाच्या कोटाला गुंडी शिवत आहे. ॲबिगेल ॲडम्स पतीला पत्र लिहीत आहे. नव्या कायद्यांत स्त्रियांचा विसर पडू देऊ नका, असे तिने ज्यात बजावले होते ते हे पत्र. डॉली मॅडिसन १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्य राजधानीत शिरत असताना कागदपत्रे व वॉशिंग्टनचे तैलचित्र वाचविण्याच्या खटपटीत आहे. लुइसा ॲडम्स १८१५ च्या हिवाळ्यात लहान मुलासह सेंट पीटर्झबर्गहून पॅरिसला निघाली आहे. ॲबिगेल फिलमोर व्हाइट हाउसच्या ग्रंथालयात पुस्तके लावीत आहे. सेरा पोक पतीबरोबर कामाच्या मेजाशी बसली आहे. बहिऱ्यांच्या शाळेत शिक्षिका असलेल्या ग्रेस कूलिज हिच्या पदकावर तीन हातांच्या खुणांनी देशाच्या नावाची आद्याक्षरे दाखविली आहेत. संपूर्ण मालेतील हे चित्र कल्पकतेच्या दृष्टीने सर्वांत सरस म्हणता येईल. एलिनॉर रूझवेल्ट हिच्या पदकावर मेणबत्ती पेटविणारा हात व पृथ्वीच्या वक्र कडेवर पसरणारा प्रकाश आहे.

काही चित्रे मात्र गप्प आहेत. जेन पिअर्स हिचा एकुलता उरलेला मुलगा जानेवारी १८५३ मध्ये, पतीच्या पदग्रहणाला दोन महिने असताना, रेल्वे अपघातात दगावला. त्या दुःखातून ती सावरली नाही. पदकावर ती सिनेटच्या सज्जात बसून वादविवाद ऐकत आहे. लेटिशिया टायलर हिला तिच्या माहेरच्या मळ्यात मुलांशी खेळताना दाखविले आहे. तो मळा गुलामांच्या श्रमावर चालत असे, याची पुसटशी खूणही चित्रात नाही. सन्मानाच्या पदकाकडून टीकेची अपेक्षा करता येत नाही हे खरे, परंतु इतिहासाचे साधन म्हणून ते वापरताना हे भान ठेवावे लागते.

अधिनियमापुढे एक अडचण होती. टॉमस जेफर्सन, अँड्रू जॅक्सन व मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या पत्नी ते राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वीच वारल्या होत्या, तर जेम्स ब्यूकॅनन अविवाहित होता. या चौघांच्या बाबतीत दर्शनी बाजूस त्यांच्या काळातील नाण्यांवरील स्वातंत्र्यदेवतेचे मुख घ्यावे असे ठरले. मागील बाजू पतीकडे गेली. जेफर्सनची समाधी, घोड्यावर स्वार झालेला जॅक्सन, झाडाखाली वाचणारा बालवयीन व्हॅन ब्यूरेन व दुकानात हिशेब लिहिणारा तरुण ब्यूकॅनन अशी ती चित्रे आहेत. जॅक्सनची पत्नी रेचेल ही त्याच्या निवडीनंतर, पण पदग्रहणापूर्वी, डिसेंबर १८२८ मध्ये मरण पावली. निवडणुकीत तिच्या पहिल्या विवाहावरून झालेल्या निंदेने तिचा बळी घेतला अशी जॅक्सनची जन्मभर समजूत होती. काही आठवड्यांच्या अंतराने तिचे नाव मालेतून गळले आणि तिच्या जागी देवतेचे मुख व पतीचा घोडा आला.

चेस्टर आर्थर याची पत्नी एलन हीदेखील तो राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी, १८८० मध्ये, वारली होती. तेथे मात्र कायद्याने वेगळा मार्ग काढला. आर्थरच्या कारकीर्दीत, ११ जानेवारी १८८५ रोजी, जन्मलेली मताधिकाराच्या लढ्यातील नेत्री ॲलिस पॉल हिची त्या स्थानी योजना करण्यात आली. ती अविवाहित होती व आर्थर कुटुंबाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींच्या मालेत, स्त्रियांना मताधिकार मागणारा पट्टा अंगावर घेतलेली व हाती ध्वज असलेली ही स्त्री २०१२ मध्ये दाखल झाली. हा निर्णय तर्काला धरून नाही; पण तो नसता तर माला अधिक गरीब झाली असती.

ग्रोव्हर क्लीव्हलंड दोनदा, मध्ये खंड पडून, राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे फ्रान्सिस क्लीव्हलंड हिची दोन पदके निघाली. टायलर व विल्सन यांच्या प्रत्येकी दोन पत्नींना स्वतंत्र पदके मिळाली. २०१६ मध्ये पॅट निक्सन, बेटी फोर्ड व नॅन्सी रेगन यांच्या पदकांनी माला थांबली. हयात माजी राष्ट्राध्यक्षाचे नाणे काढता येत नसल्यामुळे जिमी कार्टर व पर्यायाने रोझलिन कार्टर वगळले गेले. रोझलिन नोव्हेंबर २०२३ मध्ये व जिमी डिसेंबर २०२४ मध्ये निधन पावले. थोरले जॉर्ज बुश व बार्बरा बुश यांच्यासाठी वेगळा अधिनियम करण्यात येऊन २०२० मध्ये बार्बरा बुश हिचे नाणे व पदक निघाले. अशा रीतीने मालेतील एकूण चित्रांची संख्या ४२ झाली.

इतर देशांत एवढी मोठी माला नाही. अर्जेंटिनात राष्ट्राध्यक्ष पेरॉन याची पत्नी एव्हा पेरॉन हिच्या स्मरणार्थ २००२ मध्ये नाणे व २०१२ मध्ये शंभर पेसोंची नोट निघाली. परंतु तो मान एका लोकनेत्रीचा होता. भारतात राष्ट्रपतींच्या पत्नींची पदकमाला निघालेली नाही. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर स्त्रिया आल्या त्या स्वतःच्या कार्यामुळे : इंदिरा गांधी (१९८५), मदर तेरेसा (२०१०) इत्यादी.

घडण व संग्रह : पदकाचे चित्र प्रथम मोठ्या आकारात मातीत किंवा प्लास्टरमध्ये उठावाने घडवितात. ते यंत्राने लहान करून पोलादी ठशावर उतरवितात व दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून ती दाबतात. उठाव जास्त असेल तर चकती पुनःपुन्हा तापवून दाबावी लागते. मुंबईच्या टांकसाळीत स्मारकनाण्यांबरोबर पदके पाडण्याचेही काम चालते. १९१८ मध्ये तेथे ब्रिटिश शाही टांकसाळीची शाखा उघडून सोन्याचे सॉव्हरिन पाडण्यात आले होते. जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा पाडलेली नाणीही भारतीय टांकसाळींतून बाहेर पडली असल्याने मूळ प्रत व पुनर्मुद्रित प्रत यांत फरक करणे हे संग्राहकाचे पहिले काम ठरते.

ब्राँझच्या पदकावर कालांतराने चढणारा तपकिरी वा हिरवट थर म्हणजे मळ नव्हे. चिंच किंवा पावडर लावून ते चकचकीत करण्याचा मोह टाळावा. घासलेल्या पदकाची किंमत निम्म्याहून कमी होते व उठाव कायमचे झिजतात. दमट हवेत, विशेषतः कोकण व मुंबईत, ती कोरड्या डबीत व कडेला धरून हाताळावीत. अभ्यासासाठी मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, रिझर्व्ह बँकेचे मुद्राविषयक संग्रहालय आणि नासिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था यांचे संग्रह उपयुक्त आहेत. अमेरिकन मालेपैकी संग्राहकांची सर्वाधिक पसंती लाभली आहे ती जेफर्सन, जॅक्सन, व्हॅन ब्यूरेन व ब्यूकॅनन यांच्या नावे निघालेल्या, स्वातंत्र्यदेवतेचे मुख असलेल्या चार प्रकारांना. जुन्या नाण्यांवरील देखणी रेखाटने त्यांत पुन्हा पाहावयास मिळतात हे त्याचे कारण होय.